पडून राहण्याची शिक्षा

आजोबांना हार्ट अटॅक आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने त्यांना वॉर्डात चार पावलं चालवलं. आजी चिडलीच. "पडू द्या की त्यांना! माझ्या वडिलांना महिनाभर कॉटवरून उतरू दिलं नव्हतं."

तिच्या वडिलांना अटॅक आला १९६२ मध्ये. तेव्हा बऱ्याच ठिकाणी हाच उपचार होता. १९३९ मध्ये मॅलरी, व्हाइट वगैरे अमेरिकन डॉक्टरांनी दगावलेल्या पेशंटची हृदयं तपासली. मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार व्हायला काही आठवडे लागतात, असं दिसलं. तोवर हालचाल झाली तर हृदय फुटेल ही धास्ती होतीच, तिला आता पुरावा मिळाला. मग चार ते सहा आठवडे सक्तीची विश्रांती. स्वतः कूस बदलायची नाही, घासही नर्सने भरवायचा. पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुफ्फुसात जाऊन अडकायच्या आणि माणूस जायचा.

बोस्टनच्या सॅम्युएल लिव्हाइन यांना हे पटेना. आडवं झोपल्यावर पायांतलं रक्त हृदयाकडे जास्त येतं, त्याच्यावरचा भार वाढतो. मग पाय खाली सोडून पेशंटला खुर्चीत बसवलं तर? त्यांचा तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन कामाला लागला. तो ज्यू होता. तो वॉर्डात आला की ज्युनिअर डॉक्टर हात उंचावून त्याला नाझी सलाम ठोकत, अशी आठवण त्याने पुढे सांगितली. पेशंटवर हा अमानुष प्रयोग चाललाय, असं त्यांना वाटे.

१९५२ मध्ये ८१ पेशंटचा अहवाल छापून आला. खुर्चीमुळे कुणाचं हृदय फुटलं नव्हतं. उलट पेशंटची घबराट कमी झाली, घरी कधी सोडणार असं ते विचारू लागले.

तरी जुनी सवय लगेच सुटली नाही. १९६६ मध्ये डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांची शारीरिक क्षमता सुमारे पाव हिश्शाने घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढी झीज केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती.

पणजोबा पंचविसाव्या दिवशी गेले. "एक पाय सुजला होता, मग अचानक धाप लागली," आजी सांगते. नेमकं काय झालं असेल, याचा मला आता अंदाज आहे. खुर्चीचा अहवाल येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. हे मी आजीला सांगितलेलं नाही.

आता रोज संध्याकाळी तीच आजोबांना चपला आणून देते.