क्लिअर कोटची चमक आणि कारागिराचा श्वास

दहा-बारा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली मेटॅलिक रंगाची एखादी गाडी जवळून पाहा. टपावर आणि बॉनेटवर आधी पांढुरके डाग दिसतात, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक साल सुटू लागते. मालक म्हणतो रंग उडाला. गॅरेजमधला उस्ताद बोट फिरवून सांगतो, रंग शाबूत आहे, वरचं लॅकर गेलंय. उस्तादाचं बरोबर असतं. पण रंगावर हे वेगळं लॅकर आलं कुठून आणि ते सोलायचं काम कोणाच्या वाट्याला आलं, हे कळायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. ब्रशनं तेलरंग आणि वॉर्निशचे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, कारण हजारो गाड्या काढायच्या तर एकच रंग स्वस्त आणि सोयीचा होता.

ही कोंडी युद्धाच्या रसायनानं फोडली. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज बनवणाऱ्या ड्यू पाँट कंपनीनं त्याच पदार्थापासून झटपट वाळणारं लॅकर तयार केलं. 1923 साली जनरल मोटर्सनं ते आपल्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात वापरलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्या लॅकरचं नाव होतं ड्युको. आपल्याकडे फर्निचर रंगवणारे आजही ‘ड्युको मारून देतो’ म्हणतात, तो शब्द तिथला.

झटपट वाळणारा रंग ब्रशनं नीट बसत नाही, त्याला फवाराच लागतो. फवाऱ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ॲलन डीव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण बनवलं होतं. त्यांच्या मुलानं, थॉमसनं, 1907 च्या सुमारास त्यातूनच रंगाची स्प्रे गन तयार केली. माणसाचा घसा बरा करायला निघालेलं अवजार असं रंगशाळेत आलं.

रंगशाळेत मात्र घशाचे हाल होते. जुना रंग कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीत शिसं असे आणि ते कामगारांच्या शरीरात जाई. 1921 साली थ्री-एम कंपनीनं पाण्यात भिजवून वापरता येणारा कागद बाजारात आणला. आपले कारागीर ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो हाच. पाण्यानं धूळ बसली. 1925 मध्ये त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्र्यूनं मास्किंग टेप काढला. दोन रंगांच्या गाड्या रंगवताना चिकटवलेला कागद ओढला की ताजा रंगही निघून येई, आणि कारागीर वैतागत. ड्र्यूनं तो वैताग मनावर घेतला. गॅरेजमधल्या या दोन साध्या वस्तू कामगारांच्या त्रासातून जन्मल्या आहेत.

तेव्हाच्या रंगाचा एक गुण होता. रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात असे. ऊन लागून वरचा भाग खडूसारखा भुरका झाला की पॉलिश मारायचं, खालून ताजा रंग वर येई. अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षं अशाच घासून-पुसून चमकवल्या गेल्या. तो रंग हळूहळू म्हातारा होई.

मग मेटॅलिक रंगांची हौस आली. त्यातले ॲल्युमिनियमचे बारीक कण उघडे राहिले तर काळवंडतात, म्हणून वर पारदर्शक कवच हवं. जर्मनीत ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी 1937 साली शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनानं पुढं असं कडक, काचेसारखं कवच शक्य केलं. 1970 च्या दशकात युरोपात आणि 1980 च्या दशकात अमेरिकेत खाली रंग, वर क्लिअर कोट ही पद्धत रुजली. हे कवच साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड असतं, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती संपत गेली की कवच ठिसूळ होतं, भेगांतून पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. हा थर मरतो तेव्हा पॉलिशनं जिवंत होत नाही. घासाल तेवढा उरलेला थरही जाईल.

1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत असंख्य गाड्यांचे रंग सोलून निघाले. तिथं दुखणं आणखी खोल होतं. मधला थर वगळल्यामुळं ऊन थेट खालच्या प्रायमरपर्यंत पोचलं आणि वरचा रंग सगळाच सुटला. कारखान्यात एक थर वाचला, पण गाडी शेवटी गल्लीतल्या गॅरेजमध्येच आली.

तिथलं काम आजही हातानंच होतं. आधी ओळख पटवायची. वॉटर पेपर फिरवल्यावर पाणी रंगीत झालं तर जुना एकथरी रंग. दुधाळ पांढरं झालं तर क्लिअर कोट. सुटलेली साल पातीनं किंवा हवेच्या झोतानं काढायची. मग 400 आणि पुढं 800 नंबरच्या वॉटर पेपरनं कडा इतक्या उतरवायच्या की बोटाला पायरी लागता कामा नये. सैल कडेवर नवं लॅकर मारलं तर काही महिन्यांत तीच कड पुन्हा उचलते. खालचा मेटॅलिक रंग घासला गेला असेल तर तो आधी पुन्हा मारावा लागतो. नंतर जोडापासून जोडापर्यंत पूर्ण पत्र्यावर क्लिअर. अर्ध्यात थांबलं तर ती रेघ कायम दिसते.

आता मुद्द्याचं. हे नवं लॅकर घट्ट होतं ते हार्डनरमुळं आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याचं धुकं श्वासातून गेलं तर त्यातून दमा जडतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की थोडाही अंश पुरतो आणि माणसाला पेशा सोडावा लागतो. या धुक्यापुढं तोंडावर बांधलेला रुमाल काहीच कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारी बंद खोली हेच खरं संरक्षण. मुंबईत कुर्ल्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये किती ठिकाणी हे दोन्ही दिसतं? या पेशात आपल्या मोहल्ल्यांतली किती तरी पोरं चौदा-पंधराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली जातात, म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

शंभर वर्षांपूर्वी धुळीवर उपाय निघाला, कारण रंगकामगाराचा श्वास हा कोणाला तरी सोडवण्याजोगा प्रश्न वाटला. धुक्यावरचा उपायही निघालेला आहे, फक्त तो आपल्या शेडपर्यंत आलेला नाही. गाडी रंगवायला टाकताना आपण भाव करतो, रंग जुळेल का विचारतो. फवारणाऱ्याकडे मास्क आहे का, हेही विचारावं. आणि त्यापायी बिल थोडं वाढलं, तर तिथं घासाघीस करू नये.