कंबरदुखी (बिनशस्त्रक्रियेचे उपचार)

शेवटच्या बरगडीपासून नितंबाच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागातले दुखणे. बोलीत कंबर ‘धरते’, उसण ‘भरते’ किंवा मणक्यातली गादी ‘सरकते’. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना हे दुखणे होते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांत एकच ठाम कारण दाखवता येत नाही.

गादी सरकते हा शब्दप्रयोग मात्र फसवा. मणक्यांमधल्या २३ गाद्या वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेल्या असतात. गादीचे बाहेरचे कडे फाटले तर आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारची शीर दुखावली की कळ पायात उतरते, हीच सायटिका. या गराचा बराचसा भाग शरीर पुढे आपणच शोषून घेते. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००७) लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया लागली, हेही खरे.

साधी उसण बहुधा काही आठवड्यांत ओसरते. महाराष्ट्रात उसण भरलेल्या माणसाला पायाळू माणसाकडून, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याकडून, पाय लावून घेण्याची चाल आहे. गुण येतो, कारण तो एरवीही आलाच असता. डॉक्टरांच्या कितीएक उपायांनाही हाच हिशेब लागू पडतो.

विसाव्या शतकात बराच काळ पहिला उपाय होता तो अंथरुणाचा. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी सायटिकाचे मूळ फाटलेल्या गादीत दाखवले; मग गादीला विसावा म्हणून रुग्णाला आडवे पाडणे रास्त वाटू लागले. १९८६ मध्ये डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीची तुलना केली. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर लवकर गेले. १९९५ मध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरील चाचणीत तर सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारेच सर्वांत लवकर सावरले. घरोघरच्या ‘फळीवर झोपा’ या सल्ल्याचेही तसेच झाले: स्पेनमधल्या ३१३ रुग्णांच्या चाचणीत (२००३) कडक गादीपेक्षा मध्यम गादी सरस ठरली.

व्यायामाच्या एका पद्धतीचा जन्म अपघाताने झाला. १९५६ मध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला. कंबर मागे वाकलेली, जवळजवळ भुजंगासनच! उठला तेव्हा पायातली कळ गेली होती. पण मागे वाकणे सगळ्यांना मानवत नाही. पायातली कळ कमरेकडे सरकत आली तर दिशा बरोबर, खाली उतरू लागली तर चूक, असा या पद्धतीचा ठोकताळा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट दुखण्यासाठी व्यायाम, रुग्णशिक्षण, मसाज आणि वर्तनोपचार यांची शिफारस आहे. पट्टा, वजने लावून ताण देणे आणि अफूवर्गीय औषधे यांची नाही. पट्टा मात्र दुकानात पुढेच टांगलेला असतो. चालण्याचा फायदा ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत (२०२४) दिसला: मार्गदर्शनाखाली चालणाऱ्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले, इतरांचे ११२ दिवसांनी.

लागलीच एमआरआय काढण्याची घाई नडू शकते. १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा सगळ्या गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. इथे शस्त्रक्रियेला उशीर महागात पडतो. रेंगाळणारा ताप आणि घटते वजन असेल तर भारतात मणक्याच्या क्षयाची शंका घेतली जाते. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेल्या या आजाराने पाठीला कुबड येऊ शकते, पण बहुतेक रुग्ण आज अनेक महिन्यांच्या गोळ्यांनीच बरे होतात.