ऋतुप्रारंभ (खगोलशास्त्रीय)

सूर्य क्रांतिवृत्तावरील ठरावीक बिंदूवर पोहोचण्याचा क्षण म्हणजे ऋतूचा खगोलीय आरंभ. पृथ्वीचा अक्ष कक्षेच्या लंबाशी सुमारे 23.44° कललेला असून वर्षभर जवळजवळ एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे सूर्य कधी विषुववृत्ताच्या उत्तरेस, कधी दक्षिणेस जातो. ऋतू घडतात ते या कलामुळे, सूर्यापासूनच्या अंतरामुळे नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत.

वसंतसंपाती सूर्याचा सायन भोग (त्या संपातापासून क्रांतिवृत्तावर मोजलेले कोनीय अंतर) 0° धरतात (20-21 मार्च). पुढे तो 90° (21 जूनच्या सुमारास), 180° (22-23 सप्टेंबर) आणि 270° (21-22 डिसेंबर) होतो. पाश्चात्त्य चार ऋतू या बिंदूंपासून सुरू होतात. आरंभ हा क्षण असल्याने तारीख मात्र स्थळागणिक बदलते : 2024 चे दक्षिणायन भारतात 21 जूनला पहाटे 2.21 वाजता लागले, तेव्हा लंडनमध्ये 20 जूनची रात्र होती.

हे सारे एका काठीने पडताळता येते. पुण्यात एक मीटर उंचीची काठी सपाट जागी उभी रोवली, तर स्थानिक मध्यान्ही तिची सावली डिसेंबरच्या अयनदिनी सुमारे 90 सेंमी., विषुवदिनी सुमारे 33 सेंमी. भरते. 21 जूनला ती जेमतेम 9 सेंमी. असते आणि उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. विषुवदिनाच्या आसपास सावली रोज सुमारे 8 मिमी. सरकते, डिसेंबरच्या अयनदिनाच्या आधीच्या तीन दिवसांत मिळून जेमतेम 1 मिमी. म्हणून सावलीवरून विषुवदिन नेमका सापडतो, अयनदिन हुलकावणी देतो.

भारतीय सहा ऋतू प्रत्येकी 60° भोगाचे. सायन गणनेने वसंत 330° पासून, तर वर्षा 90° पासून सुरू होते. पण प्रचलित पंचांगे बहुतांशी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजणारी आहेत. संपातबिंदू वर्षाला सुमारे 50 विकला मागे सरकत असल्याने निरयन वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे ठरते. प्रत्यक्ष उत्तरायण डिसेंबरात लागते, मकरसंक्रांत मात्र 14-15 जानेवारीला येते, ती याच साचलेल्या फरकामुळे.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 च्या अहवालात सायन वर्ष सुचवले आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ऋतूंशी इमान राखणारी ही रचना घराघरांत रुजली नाही, याची खंत वाटते. शेतकरी पेरणीसाठी पाहतात ते मृग नक्षत्र निरयनच आहे : सध्या ते 7-8 जूनला लागते आणि साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकते.