जाहीर न झालेलं युद्ध: चीन-जपान, १९३७ ते १९४१

१९३७ च्या चीन-जपान संघर्षावर काम करायचं ठरवलंत आणि कागदपत्रांत नुसता 'युद्ध' हा शब्द शोधत बसलात, तर बरंच काही हातून निसटेल. जपानी सरकारी कागदांत त्याचं नाव आहे 'चीन प्रकरण'. ७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली, १३ डिसेंबरला नानजिंग पडलं, असंख्य माणसं मेली. तरी कागदोपत्री युद्ध नव्हतं. चीनने ते जाहीर केलं ९ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षांनी.

आता हे जपानचं ढोंग, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ढोंग होतंच. पण ज्याच्यावर हल्ला झाला तो चीनही इतकी वर्षं गप्प का राहिला? खरा प्रश्न हा आहे.

त्यासाठी घोषणेने कायद्यात नेमकं काय बदलायचं ते पाहा. १९०७ च्या तिसऱ्या हेग कराराने सांगितलं की आधी स्पष्ट इशारा दिल्याशिवाय लढाई सुरू करायची नाही. इशारा म्हणजे कारणांसह घोषणा, किंवा अटी घातलेला निर्वाणीचा खलिता. आपण बहुतेकजण एवढंच वाचून थांबतो. त्याच करारात पुढे असंही आहे की तटस्थ देशांना ताबडतोब कळवायचं. घोषणा शत्रूसाठी असते तेवढीच तिसऱ्यासाठीही असते.

इथे तिसरा म्हणजे अमेरिका. तिथल्या तटस्थता कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांनी 'युद्धस्थिती आहे' असं जाहीर केलं की दोन्ही बाजूंना शस्त्रविक्री बंद, कर्जही बंद. चीनला बाहेरची शस्त्रं हवी होती. जपानला अमेरिकेचं तेल आणि भंगार लोखंड हवं होतं. दोघांपैकी एकाने जरी घोषणा केली असती, तर रूझवेल्टना डोळेझाक करणं अवघड झालं असतं. त्यांनी शेवटपर्यंत तो कायदा या संघर्षाला लावला नाही. शिवाय १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारावर जपानची सही होती. त्यात युद्धाचा त्याग केलेला, त्यामुळे 'प्रकरण' हा शब्द आणखीच सोयीचा.

पण या सोयीची किंमत जपानलाही पडली. युद्ध नाही, तर युद्धमान राष्ट्राचे हक्कही नाहीत. जपानी नौदलाने चिनी किनाऱ्याची नाकेबंदी केली ती चिनी जहाजांपुरती. तटस्थ जहाजं अडवून झडती घ्यायला कायदेशीर आधार नव्हता, आणि हाँगकाँगमार्गे चीनला माल मिळत राहिला.

सर्वांत जड किंमत मात्र कैद्यांनी मोजली. ऑगस्ट १९३७ मध्ये जपानच्या लष्कर मंत्रालयाने चीनमधल्या सैन्याला कळवलं की युद्धाच्या कायद्यांतली सगळी कलमं इथे तंतोतंत लावणं योग्य नाही, आणि 'युद्धकैदी' हा शब्दही टाळावा. पुढे नानजिंगला पकडलेल्या सैनिकांच्या कत्तली झाल्या. त्या केवळ या पत्रामुळे झाल्या असं मी म्हणणार नाही, एका कागदावर इतका भार टाकू नये. पण १९४९ च्या जिनिव्हा करारांचं दुसरं कलम वाचताना हे पत्र शेजारी ठेवा. एखाद्या पक्षाने युद्धस्थिती मान्य केली नसली तरी करार लागू, असं ते कलम का म्हणतं, हे लगेच कळतं.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते याच 'प्रकरणा'तल्या जखमींवर उपचार करायला. तिथल्या त्यांच्या कामातली पहिली तीनेक वर्षं कायद्याच्या भाषेत युद्धच नव्हतं!

मग १९४१ मध्ये चीनने घोषणा केलीच कशाला? पर्ल हार्बरनंतर अमेरिका स्वतःच युद्धात उतरली होती. गप्प राहण्याचं कारण संपलं होतं. घोषणेचा मजकूर मात्र नीट वाचा, कारण त्यात जपानबरोबरचे सगळे करार रद्द असंही म्हटलंय. त्यात १८९५ चा शिमोनोसेकीचा करारही येतो, ज्याने तैवान जपानकडे गेलं होतं. घोषणेने मैत्रीचे करार संपतात हे समजू शकतं. पण सेहेचाळीस वर्षांपूर्वी पूर्ण झालेलं प्रदेशाचं हस्तांतर एकतर्फी घोषणेने उलटतं का? जुन्या कायदेपंडितांचा कल 'नाही' कडे होता. चीनची भूमिका 'हो' अशी आहे, आणि तैवानवरच्या आजच्या वादातही या घोषणेचा दाखला दिला जातो.