पागडी पद्धत

मुंबईतील जुन्या इमारतींत रूढ असलेला भाडेकरारांचा प्रकार. भाडेकरू घरमालकाला सुरुवातीलाच पागडी नावाची ठोक रक्कम देतो आणि पुढे नाममात्र मासिक भाडे भरतो. जागा दुसऱ्याच्या नावे करताना नव्या पागडीतला ठरलेला हिस्सा, बहुधा तिसरा, मालकाकडे जातो.

चाळ बांधून भाड्यावर जगणे हा एकेकाळी खात्रीचा व्यवसाय होता. मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम, 1947 ने प्रमाण भाडे मुख्यतः 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले आणि पागडी घेणे गुन्हा ठरवले. व्यवहार थांबला नाही. तो रोखीत आणि विनापावती होऊ लागला. डागडुजीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून जिन्याखाली लाकडी टेकू लागले. मालकाची दुरवस्था खरी होती, तितकीच बेघर होण्याची भाडेकरूची धास्तीही.

मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे अवाजवी ठरवले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली व भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. बँका, तसेच एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण काढून घेतले. तळमजल्यावरचा किराणावाला किंवा शिंपी मात्र संरक्षित राहिला. त्याच्या गाळ्याचे भाडे आजही बाजारभावाच्या मानाने क्षुल्लक असते, आणि छोट्या धंद्याची मिळकत बरीचशी त्यावरच टिकून आहे.