शिडाच्या बोटीवरचा संसार

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली. पुढे ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनी जगाला वळसा घातला. अशा मोहिमांच्या बातम्यांत वादळे असतात, विक्रम असतात. परंतु महिनोन्महिने तिरक्या, ओल्या आणि क्षणभरही स्थिर नसलेल्या घरात माणूस रांधतो कसा, झोपतो कसा, हे त्यांत क्वचितच येते. बोटीवरच्या वस्तूची खरी परीक्षा दुकानात होत नाही. अंधारात, ओल्या हाताने आणि तोही एकाच हाताने ती वापरता आली पाहिजे, कारण दुसरा हात आधाराला गुंतलेला असतो.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. तिथली शेगडी दोन खुंट्यांवर झुलती टांगलेली असते. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते आणि भांडी सरकू नयेत म्हणून तिच्यावर पकडी बसवलेल्या असतात. तरीही लाट आडवी आली की उकळते पाणी अंगावर येऊ शकते. त्यामुळे उकाडा असला तरी खराब हवेत स्वयंपाक करताना जलरोधक विजार घालण्याची शिस्त अनुभवी खलाशी पाळतात. भांड्यांमध्ये मानाचे स्थान प्रेशर कुकरचे आहे. झाकण घट्ट बसत असल्याने तो कलंडला तरी आतले सांडत नाही, शिवाय इंधन आणि पाणी दोन्ही वाचते. आपल्या घरोघरी रोज शिट्ट्या देणाऱ्या या भांड्याला जगभरचे दर्यावर्दी एवढे मानतात, ही गंमतच म्हणायची. गॅसच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला निचरा होणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात, स्वयंपाक संपताच झडप सिलिंडरपाशीच बंद करतात आणि गळतीची सूचना देणारे यंत्र खाली, जमिनीलगत बसवतात.

शिधा भरताना पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नयेत, कारण त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात. डब्यांवरचे कागद आधीच काढून नाव पक्क्या शाईने लिहावे. ओलाव्याने सुटलेला कागद तळाच्या पंपात अडकला, तर पंप नेमका गरजेच्या वेळी बंद पडतो. कांदे आणि बटाटे वेगळे ठेवावेत, फळे जाळीच्या झोळीत टांगावीत. न धुतलेली अंडी शीतपेटीशिवायही काही आठवडे टिकतात, मात्र ती अधूनमधून उलटवावी लागतात. ताजी भाजी संपल्यावर मोड आलेले मूग-मटकी कामास येतात. त्यासाठी एक ओले फडके आणि थोडे गोडे पाणी पुरते.

पाण्याचा हिशेब सर्वांत कडक असतो. पिणे आणि रांधणे मिळून माणशी रोज तीन ते चार लिटर धरावेत. पाणी एकाच टाकीत कधीच ठेवू नये, कारण एक टाकी फुटली किंवा दूषित झाली, तर दुसरी शिल्लक राहते. समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे आज सहज मिळतात, पण ती विजेवर चालतात आणि बिघडतात. त्यांच्या भरवशावर टाक्या अर्ध्या भरून निघणे हा अविचारच होय. बेसिनला विजेच्या पंपाऐवजी पायाने दाबायचा पंप असला की पाणी आपोआप जपून वापरले जाते. अंघोळीसाठी बागेत औषध फवारण्याचा नवा कोरा हातपंप उत्तम असून दोन लिटरांत काम भागते. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवावा. कपड्यांचे मात्र तसे करता येत नाही. मीठ हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने खाऱ्या पाण्यातले कपडे कधीच पुरते वाळत नाहीत. पाऊस आला की ताडपत्रीवर पाणी धरावे. पहिल्या सरीने मीठ धुऊन जाऊ द्यावे आणि मग टाकीचे तोंड उघडावे.

दिव्यांच्या बाबतीत डोक्याला बांधायची, लाल प्रकाशाची सोय असलेली विजेरी घ्यावी. पांढऱ्या उजेडाने दिपलेले डोळे अंधाराला पुन्हा सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात एखादे मालवाहू जहाज जवळ येऊ शकते. झोपण्याच्या फळीच्या उघड्या कडेला जाड कापडाचा पडदा ताणून बांधतात, म्हणजे झोपलेला माणूस खाली पडत नाही. बोटीच्या तळाला जिथे जिथे नळासाठी भोक आहे, तिथे त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. नळ तुटून पाणी आत घुसू लागले, की ती ठोकून बसवता येते. हत्यारांच्या पेटीत खुंटी शोधायला तेव्हा वेळ नसतो.

अंगावरचा सुरक्षापट्टा हा साऱ्यांत मोलाचा. डेकवर पुढून मागे एक चपटा पट्टा ताणलेला असतो आणि त्याला माणसाने स्वतःची दोरी अडकवायची असते. गोल दोर पायाखाली फिरतो, म्हणून पट्टा चपटाच हवा. ताशी सहा सागरी मैल वेगाने जाणारी बोट एका मिनिटात सुमारे १८५ मीटर पुढे जाते. एवढ्या अंतरावर लाटांमधले माणसाचे डोके दिसणे कठीण, आणि एकटा खलाशी पडला तर बोट वळवायला मागे कोणीच नसते. दोरी आखूड असावी, म्हणजे तोल गेला तरी माणूस पाण्यात न जाता डेकवरच राहतो.

संकटकाळी उचलायच्या पिशवीत पाणी, औषधे, हातातला रेडिओ, उपग्रह दूरध्वनी आणि धूरबाण असतात. ती बहुधा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवतात. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. हलता येत नसल्याने पिशवीपर्यंत पोहोचणेही अवघड असल्याचे त्यांनी संदेशयंत्रावरून कळवले होते. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. ही पिशवी झोपण्याच्या जागेवरून, पडल्या पडल्या हाताला लागेल अशी बांधून ठेवावी.