व्यसनाचे चित्र आणि प्रेक्षकांचे दोन पक्ष

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याचा चांगला प्रयोग पाहिलेल्या कुणालाही विचारून पाहा. तळीरामाच्या बोलण्याला तो पोट धरून हसलेला असतो आणि त्याच रात्री सिंधूसाठी त्याने डोळेही पुसलेले असतात. दारूचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी लिहिलेल्या नाटकात सर्वांत गमतीचा माणूस दारुडाच निघावा, ही काही लहानसहान अडचण नव्हे. व्यसनाचे चित्र काढू म्हणणाऱ्या प्रत्येक कलावंतापुढे ती उभी राहते. चित्र खरे उतरवावे, तर व्यसनाची ओढही त्यात दिसणारच. ओढ लपवावी, तर सगळे चित्रच खोटे पडते. आणि मग प्रेक्षकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘असलं काही दाखवूच नये.’ दुसरा म्हणतो, ‘हे सर्वांनी पाहिलंच पाहिजे.’

हा वाद अमेरिकेत १९५५ साली एका चित्रपटावरून फार मोठ्या प्रमाणावर झाला. त्या वादाचा इतिहास आपण थोडा पाहू. त्यातून आपल्यालाही काही घेण्यासारखे आहे.

पण वादाचे मूळ त्याआधी तीसएक वर्षे मागे जाते. वॉलेस रीड हा मूकपटांच्या काळातला अत्यंत लोकप्रिय नट. १९१९ साली चित्रणासाठी जात असता आगगाडीच्या अपघातात तो जखमी झाला. दुखणे सोसून काम चालू राहावे म्हणून त्याला मॉर्फिन देण्यात आले. काम चालू राहिले आणि मॉर्फिनही चालूच राहिले! १८ जानेवारी १९२३ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो एका आरोग्यधामात मरण पावला. त्याची पत्नी डोरोथी डॅव्हनपोर्ट ही स्वतः नटी होती. बाईंनी नवऱ्याचे दुखणे झाकून ठेवले नाही. त्याच वर्षी ‘ह्यूमन रेकेज’ नावाचा चित्रपट काढून त्यांनी अमली द्रव्यांचा विषय पडद्यावर मांडला आणि त्यात ‘मिसेस वॉलेस रीड’ या नावाने स्वतः काम केले. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. अमेरिकेत तो गाजला. ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने मात्र त्याला परवानगी नाकारली. पाहा, दोन पक्ष तेव्हापासूनचेच आहेत.

पुढे ‘दाखवू नये’ म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रबळ झाला. १९३० साली अमेरिकेतील चित्रपट-व्यवसायाने स्वतःसाठी एक नियमावली तयार केली आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात आली. ही नियमावली सरकारची नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. धंदेवाल्यांनी ती स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती. तिच्या कचेरीची मोहोर नसलेला चित्रपट मोठी चित्रपटगृहे लावीत नसत. अमली द्रव्यांचा चोरटा व्यापार पडद्यावर येता कामा नये, असा तिच्यात दंडक होता. असा व्यापार जगात चालतो, एवढेही प्रेक्षकाला कळू नये, हा त्यामागचा विचार. झाकली मूठ सव्वा लाखाची! १९४६ साली हा दंडक थोडा सैल झाला आणि १९५१ साली पुन्हा आवळण्यात आला.

या काळात अमेरिकेच्या अमली द्रव्य खात्याचे प्रमुख होते हॅरी ऑन्स्लिंगर. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे, ते त्या खुर्चीवर होते. हे गृहस्थ पडद्याचे सरसकट वैरी होते असे मात्र नाही. १९४८ च्या ‘टु द एंड्स ऑफ द अर्थ’ या चित्रपटात सरकारी अधिकारी तस्करांचा जगभर पाठलाग करतात; त्यात ऑन्स्लिंगर स्वतः ऑन्स्लिंगर म्हणूनच दिसले. त्याच वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने ‘ड्रग ॲडिक्ट’ नावाचा एक माहितीपट काढला. व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, ही त्याची भूमिका. हा माहितीपट अमेरिकेत दाखविला जाऊ नये म्हणून ऑन्स्लिंगर यांनी आपले सारे वजन खर्च केले. आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. अमली द्रव्यांचा विषय दोन्हींत आहे. पोलीस शूर दिसतो ते चित्र चालले. व्यसनी माणूस रोगी दिसतो ते मात्र चालले नाही.

अशा वातावरणात ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकाने ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ हा चित्रपट काढला. प्रेमिंजर व्हिएन्नाचे, शिक्षणाने कायद्याचे पदवीधर, आणि वादाला मुळीच न भिणारे. कथा नेल्सन ऑल्ग्रेन यांच्या १९४९ च्या कादंबरीवरून घेतलेली. नायक फ्रँकी शिकागोच्या एका गरीब वस्तीत जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटतो. हात असा सफाईदार की लोक त्याला सोन्याचा हात म्हणतात. आणि सुईही त्याच हाताला टोचलेली! केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयातून बरा होऊन तो घरी येतो. ड्रम वाजवायला शिकला आहे, आता वादक म्हणून पोट भरायचे, असा बेत. पण वस्ती तीच, अड्डा तोच आणि विष विकणारा लुईही त्याच कोपऱ्यावर उभा. अपंग झाल्याचे सोंग घेऊन बायको त्याला बांधून ठेवते. शेवटी त्याच्यावर जीव असलेली मॉली त्याला आपल्या खोलीत कोंडते. औषधावाचून तो तळमळतो, दारावर धडका देतो, थंडीने कुडकुडतो. ही भूमिका फ्रँक सिनात्रा या गायक नटाने केली. तोवर त्याच्या गोड गळ्यावर लुब्ध असलेल्या प्रेक्षकांना हे पाहणे किती जड गेले असेल, याची कल्पना करा.

मोहोर अर्थातच नाकारण्यात आली. मग युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीने काय केले? कंपनी व्यवसायाच्या संघटनेतूनच बाहेर पडली आणि डिसेंबर १९५५ मध्ये तिने मोहोरेवाचून चित्रपट प्रदर्शित केला. मोठ्या चित्रपटगृहांनीही तो लावला. गर्दी झाली, आणि वादही झाला.

हा वाद सरळ दोन बाजूंत वाटलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॅथलिकांची ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संस्था चित्रपटांची कडक परीक्षा घेई. ती याला सर्वथा त्याज्य ठरवील असे वाटत होते. तिने ‘अंशतः आक्षेपार्ह’ एवढाच शेरा मारला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांना चित्रपटात दचकण्यासारखे फारसे काही आढळलेच नाही. उलट मेरीलँड राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाने सुईची तयारी दाखविणारा भाग कापायला सांगितला. कंपनी न्यायालयात गेली. १९५६ साली त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की हा चित्रपट अमली द्रव्ये घ्यायला शिकवीत नाही. झालाच तर उलटा परिणाम होईल. आणि मूळ लेखक ऑल्ग्रेन? ते तर तिसऱ्याच कारणाने रुष्ट. त्यांच्या कादंबरीतला फ्रँकी शेवटी गळफास घेतो, चित्रपटातला जगतो. म्हणजे एकाला चित्रपट फार भयंकर वाटला, दुसऱ्याला पुरेसा भयंकर वाटला नाही, आणि तिसऱ्याच्या मते तो खोटा होता!

यांपैकी बरोबर कोण? मला वाटते, ‘दाखवू नये’ म्हणणाऱ्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. कोवळ्या वयात कुतूहल काय करील याचा नेम नसतो. परंतु त्यांच्या हातून एक गोष्ट निसटली होती. ज्याच्या घरात असा माणूस आहे, तोही तिकीट काढून चित्रपटगृहात बसलेला असतो. त्याला नवे काहीच कळायचे नसते. आपल्या घरात चालले आहे ते दुसरीकडेही चालते, आणि ते उघड बोलता येते, एवढे मात्र त्याला पहिल्यांदा कळते. ‘दाखवा’ म्हणणाऱ्यांच्या हातूनही एक गोष्ट निसटली. माणूस हादरला म्हणजे सुधारला, असे त्यांनी गृहीत धरले. हादरलेला माणूस चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर जाणार कुठे, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

हा प्रश्न किती खरा होता ते पाहा. व्यसनी माणसावर उपचार करणारी केंद्र सरकारची रुग्णालये त्या काळी सबंध अमेरिकेत दोन होती : १९३५ साली उघडलेले लेक्सिंग्टनचे आणि १९३८ साली उघडलेले टेक्सासमधील फोर्ट वर्थचे. लेक्सिंग्टन तर निम्मे रुग्णालय आणि निम्मा तुरुंग. आपणहून आलेले रोगी आणि शिक्षा झालेले कैदी एकाच छपराखाली. चित्रपटातल्या फ्रँकीलाही दुसऱ्यांदा रुग्णालय लाभत नाही; लाभते ती कडी लावलेली एक खोली. आणि कायदा? जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. त्याने शिक्षा अधिकच कडक केल्या. अल्पवयीन मुलाला हेरॉइन विकणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षेची तरतूद केली. त्याच वर्षी डिसेंबरात चित्रपट-व्यवसायाने आपली नियमावली बदलून व्यसनाचा विषय पडद्यावर यायला मोकळीक दिली. एकाच वर्षात पडद्यावरचे दार उघडले आणि कायद्याचे दार घट्ट लागले! पडद्यावरच्या व्यसनी माणसासाठी लोक रडले, आणि रस्त्यावरच्या व्यसनी माणसाला तुरुंगात धाडत राहिले. केवळ व्यसनी असणे हा गुन्हा ठरवून शिक्षा करता येणार नाही, तो आजार आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९६२ साली, कॅलिफोर्नियातील रॉबिन्सन खटल्यात.

पुढच्या काळातही वाद थांबला नाही. २००० साली डॅरेन ॲरोनॉफ्स्की यांचा ‘रिक्विएम फॉर अ ड्रीम’ आला. त्यात तीन तरुण हेरॉइनच्या पायी उद्ध्वस्त होतात. आणि त्यांच्यातल्या एकाची म्हातारी आई बारीक होण्यासाठी डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांनी भ्रमिष्ट होते. वॉलेस रीडची आठवण इथे होते. त्याचेही विष औषध म्हणूनच आले होते. अल्पवयीनांना सर्वथा बंदी असा शेरा मिळाल्यावर वितरकांनी शेरा नाकारून चित्रपट तसाच दाखविला. ‘प्रत्येक तरुणाला दाखवा’ म्हणणारे प्रेक्षक आणि ‘चांगला आहे, पण जन्मात पुन्हा पाहणार नाही’ म्हणणारे प्रेक्षक, दोन्ही या चित्रपटाला भेटले. आपल्याकडे २०१६ साली ‘उडता पंजाब’वरून हाच खटका उडाला, आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने एकच काट आणि एक निवेदन एवढ्यावर चित्रपटाला वाट मोकळी करून दिली. मेरीलँडचा निकाल आणि मुंबईचा निकाल यांत साठ वर्षांचे अंतर आहे. सूर मात्र एकच.

मग हादरलेल्या माणसाने जायचे कुठे, या प्रश्नाला कुणीच उत्तर दिले नाही काय? दिले, आणि सांगायला आनंद वाटतो की ते आपल्या पुण्यात दिले गेले. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, आपल्या शहरांत शिरली. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांमध्ये हिंडून, त्यांच्याशी बोलून जे लिहिले ते वाचकाची झोप उडविणारे होते. ‘हे कशाला छापायचं?’ असे म्हणता आले असते. पण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी ते वाचले आणि मदतीचा हात पुढे केला. त्यातून १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. इथे अस्वस्थ झालेल्या वाचकाला दाराचा पत्ता मिळाला. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात सेवनाबद्दल शिक्षा आहे हे खरे. पण आपणहून उपचार घ्यायला आलेल्या व्यसनी माणसाला, काही अटींवर, खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही त्यात पुढे घातले गेले आहे. हे कलम किती घरांना ठाऊक आहे बरे?

म्हणून वाचकहो, व्यसनावरचा एखादा भयंकर चित्रपट पुन्हा निघेल आणि घराघरांत पुन्हा दोन पक्ष पडतील, तेव्हा भांडण अवश्य करावे. ते जिवंत समाजाचे लक्षण आहे. फक्त त्या भांडणात एका तिसऱ्या प्रश्नालाही जागा द्यावी. हा चित्रपट पाहून ज्याच्या काळजात चर्र होईल, कारण त्याचा भाऊ किंवा मुलगा पडद्यावरच्या माणसासारखाच रात्री दारावर धडका देतो, त्याला जवळचे उपचार केंद्र कुठे आहे हे आपल्यापैकी कुणी सांगू शकेल का? ते सांगता येत नसेल, तर चित्र दाखविणाऱ्यावर आणि कापणाऱ्यावर रागावण्यापूर्वी तेवढी चौकशी आपण करून ठेवू या.